वर्गमित्राचा रिकामा डबा आणि मंडळाचे दोनशे किलो डाळ-तांदूळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता, मुलगा सरकारी शाळेत इयर फोरमध्ये आहे. त्याचा एक वर्गमित्र डब्यात बहुतेक दिवस नुसतं क्रिस्प्सचं (बटाटा वेफर्सचं) पाकीट आणतो, कधी तेही नसतं, आणि तुमच्या मुलाच्या डब्यातली पोळी मागून खातो. इतक्या श्रीमंत देशात मूल उपाशी कसं राहतं, सरकार तर सगळं देतं ना, असं तुम्ही विचारलंय. त्या मुलासाठी काय करावं, हा दुसरा प्रश्न. आणि दिवाळीला तुमचं मंडळ फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेला, दोनशे किलो डाळ-तांदूळ देणार आहे, ते द्यावेत का, हा तिसरा.

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. इथल्या दुकानांत धान्य कमी पडत नाही, आणि अशा बऱ्याच घरांत पैसे आल्यावर पहिले काही दिवस जेवणही नीट होतं. ही भूक तारखांची आहे. पैसे कोणत्या तारखेला येतात, कोणत्या तारखेला कापले जातात आणि कोणता अर्ज भरायचा राहून गेलाय, यावर मुलाच्या डब्यात काय असेल ते ठरतं. म्हणूनच माझं उत्तर डाळ-तांदळापेक्षा अर्जांबद्दल आणि वेळेबद्दल जास्त असणार आहे.

आधी 'सरकार सगळं देतं' याबद्दल. २०२३-२४ च्या सरकारी आकड्यांनुसार घराचा खर्च वजा जाता यूकेमधली ४५ लाख मुलं, म्हणजे शंभरातली ३१, गरीब घरांत राहत होती. गरीब म्हणजे देशातल्या मधल्या घराच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न. यातल्या ७२ टक्के मुलांच्या घरात कोणी ना कोणी नोकरी करतं. म्हणजे तुमच्यासमोर जी मुलं येतात त्यांचे आईवडील बहुधा काम करणारेच असतात: सफाई, केअर होम, गोदाम, टॅक्सी.

अशा बऱ्याच घरांना पगाराच्या जोडीला युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळतो. नव्याने अर्ज केला की पहिली रक्कम पाच आठवड्यांनी हातात पडते. तोवर सरकार ॲडव्हान्स देतं, पण ते कर्ज असतं आणि पुढच्या प्रत्येक हप्त्यातून वळतं होतं. जुनी देणी, जादा दिलेली रक्कम यांचीही वसुली तिथूनच होते. या वसुलीची मर्यादा मूळ भत्त्याच्या २५ टक्के होती, ती एप्रिल २०२५ पासून १५ टक्क्यांवर आली. मर्यादा कमी झाली हे बरंच झालं, पण आधीच काटेकोर बेतलेल्या रकमेतून पंधरा टक्के जाणं म्हणजे महिन्याचे चार-साडेचार दिवस उडाल्यासारखं असतं.

आणखी एक खाच बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. ज्यांना दर चार आठवड्यांनी पगार मिळतो त्यांना वर्षात बारा नाही, तेरा पगार मिळतात. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र महिन्याच्या हिशेबाने चालतं. त्यामुळे वर्षातून एकदा एकाच हिशेबाच्या महिन्यात दोन पगार येतात, उत्पन्न दुप्पट दिसतं आणि त्या महिन्याचं क्रेडिट एकदम खाली येतं, कधी शून्यही होतं. घरात एक पौंड जास्त आलेला नसतो. फूड बँकेत 'गेल्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं' असं सांगणारे आले की आधी पगाराच्या तारखा विचारायच्या, त्या यासाठी.

यात मोठ्या कुटुंबांना दोन मुलांच्या मर्यादेचा फटका बसत आला. ६ एप्रिल २०१७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये सहसा काही मिळत नव्हतं. २०२५-२६ मध्ये हा तोटा दर मुलामागे महिन्याला जवळपास २९० पौंडांचा होता. एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा काढण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. पण एकूण मदतीवरची वरची मर्यादा, ज्याला बेनिफिट कॅप म्हणतात, ती वेगळी आहे आणि ती तशीच आहे. त्यामुळे काही घरांच्या हातात या बदलाने फारसं काही पडणार नाही.

आता घरातला हिशेब पाहा. भाडं थकलं तर घर जातं. प्रीपेमेंट मीटरमध्ये पैसे नसले तर दिवा आणि गॅस दोन्ही जातात. कौन्सिल टॅक्स (इथल्या पालिकेची घरपट्टी) थकला तर वसुलीवाले दारात येतात. जेवण तेवढं कमी करता येतं, आणि केलं तरी बाहेर कोणाला कळत नाही. त्याचाही एक क्रम असतो: आधी फळं आणि मासे-मटण बंद होतं, मग आईचा नाश्ता, मग आईचं रात्रीचं जेवण, आणि सगळ्यात शेवटी मुलाचा डबा. डबा रिकामा दिसतो तेव्हा त्या घरात मोठी माणसं बरेच दिवस कमी खात असण्याची शक्यता असते. आणि क्रिस्प्सच का? सहा पाकिटांचा पुडा स्वस्त पडतो आणि मूल ते नक्की खातं. सफरचंद किंवा भाजी दिली आणि मुलाने परत आणली, तर ते पैसे वाया जातात. मोजून खर्च करणाऱ्या घराला ही जोखीम परवडत नाही. यात आईचं अज्ञान शोधू नका.

तुम्ही महाराष्ट्रात शिकला असाल तर एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पोषण आहार देताना बापाचा पगार कोणी विचारत नाही. खिचडी शिजली की पंगत बसते. इंग्लंडमध्ये तसं फक्त रिसेप्शन (शाळेचा पहिला, चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग), इयर वन आणि इयर टूला आहे, तेही सप्टेंबर २०१४ पासून. इयर थ्रीपासून फुकट जेवणासाठी पात्रता लागते. ही पात्रता २०१८ पासून अशी होती की घर युनिव्हर्सल क्रेडिटवर हवं आणि कर वजा जाता कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत हवी, म्हणजे महिन्याला सुमारे ६१७. कोणी महिन्याला आठशे पौंड कमावत असेल तर मूल अपात्र. वेल्समध्ये सगळ्या प्राथमिक वर्गांना जेवण मिळतं, लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून मिळतं. हेच मूल लंडनमध्ये असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये ही ७,४०० ची अट जाते आणि युनिव्हर्सल क्रेडिटवरच्या सगळ्या घरांतली मुलं पात्र ठरतात. घोळ होतो तो इथे: नियम बदलला म्हणजे मुलाचं नाव आपोआप यादीत गेलं, असं लोक धरून चालतात. काही कौन्सिलं आपणहून नावं चढवतात, बाकी ठिकाणी अर्ज करावाच लागतो. दुसरी चूक लहान वर्गांत होते. इयर टूपर्यंत सगळ्यांनाच जेवण मिळतं म्हणून पालक अर्जच करत नाहीत. मग इयर थ्रीला पहिल्याच दिवशी बिल सुरू होतं. शिवाय कमी उत्पन्नाच्या मुलाची नोंद नसली की शाळेला त्याच्यामागे मिळणारा वर्षाचा जवळपास दीड हजार पौंडांचा जादा सरकारी निधी, म्हणजे प्युपिल प्रीमियमही जातो. म्हणून मूल रिसेप्शनला असतानाच अर्ज करून ठेवायला सांगा.

अर्ज छोटा असतो: पालकाचं नाव, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर, मुलाची शाळा. कौन्सिलच्या वेबसाइटवर किंवा शाळेच्या ऑफिसात भरता येतो. नाकारला गेला तर आधी नाव आणि जन्मतारीख तपासा, कारण युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यात एक स्पेलिंग आणि अर्जात दुसरं, एवढ्यावरूनही जुळणी होत नाही. आपल्याकडच्या नावांत हे फार होतं: मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर. पगार महिन्यागणिक बदलत असेल तर एकदा नाही म्हटलं म्हणून सोडू नका, पुढच्या महिन्यात परत करा.

आता त्या मुलाबद्दल. तुम्हाला दिसतंय ते गरिबीमुळेच आहे, असं मला खात्रीने सांगता येणार नाही आणि तुम्हीही तसं धरून चालू नका. ऑटिझम असलेली काही मुलं ठरावीक दोन-तीन पदार्थांशिवाय काही तोंडात घालत नाहीत. आई आजारी असू शकते. आई पहाटेच्या शिफ्टला जात असेल आणि डबा मोठं भावंड भरत असेल. शाळेतलं मांस हलाल नसेल म्हणून घरचा डबा असेल. यातलं काय खरं, हे शोधणं शाळेचं काम आहे आणि त्यांना ते करता येतं.

तुम्ही एवढं करा. वर्गशिक्षिकेला, नाहीतर शाळेच्या सेफगार्डिंग लीडला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला, दोन मिनिटं भेटा. हे पद प्रत्येक शाळेत असतंच. फक्त पाहिलेलं सांगा: 'गेल्या तीन आठवड्यांत माझा मुलगा पाच-सहा वेळा म्हणाला की अमुकच्या डब्यात काही नव्हतं.' 'ते गरीब आहेत', 'आई लक्ष देत नाही' असा निष्कर्ष जोडू नका. पुढे काय झालं हे शाळा तुम्हाला सांगणार नाही. त्यांनी काही केलं नाही असा अर्थ काढू नका, ती माहिती गुप्त ठेवणं त्यांना भाग आहे. पात्रता नसली तरी बऱ्याच शाळा आपल्या अडचण-निधीतून काही दिवस जेवण देतात, सकाळच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये बसवतात किंवा घराला फूड बँकेचं व्हाउचर देतात.

मुलाच्या डब्यात दोन पोळ्या जास्त देण्याचा मोह होईल. मन तिकडे जाणं साहजिक आहे, पण रोजची सवय करू नका. ॲलर्जीमुळे बहुतेक शाळांत डबा वाटून खायला बंदी असते, आणि आपल्या डब्यात शेंगदाण्याचा कूट, तीळ, काजू कधी कुठे असतील सांगता येत नाही. त्याहून मोठी अडचण ही की तुमच्या पोळीने दुपार निभावते आणि शाळेच्या नजरेला काहीच पडत नाही. त्या मुलाच्या आईशी तुमची ओळख असेल तर दारावर बोलताना मदत देऊ करू नका, माहिती द्या: 'नियम बदललाय म्हणे, युनिव्हर्सल क्रेडिट असलं की जेवण फुकट, तुम्ही बघितलंत का?' यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

हे घर आपल्यासारखं व्हिसावरचं असेल तर गोष्ट वेगळी होते, आणि मराठी कुटुंबांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट असली की लोक भीतीने सगळ्याच मदतीपासून लांब राहतात. शाळेतलं फुकट जेवण इमिग्रेशनच्या दृष्टीने पब्लिक फंड धरलं जात नाही. ही अट असलेल्या घरांतल्या मुलांना इंग्लंडमध्ये २०२२ पासून कायमची पात्रता आहे. उत्पन्नाची मर्यादा लंडनबाहेर एक मूल असलेल्या घराला वर्षाला २२,७०० पौंड आणि दोन किंवा अधिक मुलं असतील तर २६,३०० अशी राहिली आहे, आणि शिल्लक १६,००० पौंडांपेक्षा जास्त नसावी लागते. चालू आकडे अर्जाच्या वेळी कौन्सिलकडे पाहून घ्या. हा अर्ज ऑनलाइन तपासणीत बसत नाही, कारण तिथे बेनिफिटची नोंद नसते. पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन शाळेच्या ऑफिसात जावं लागतं, आणि ऑफिसातल्या माणसाला हा नियम माहीत नसला तर कौन्सिलच्या फ्री स्कूल मील विभागाकडे पाठवायला सांगावं लागतं. फूड बँक ही धर्मादाय संस्था असते, तिथून घेतलेलं अन्नही पब्लिक फंड नाही. मूल खरोखरच अडचणीत असेल तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम १७ खाली कौन्सिलला मदत करता येते, आणि तीही पब्लिक फंडात येत नाही. कौन्सिलकडून आणीबाणीत मिळणारी रोख मदत मात्र येऊ शकते, ती घेण्याआधी विचारा. व्हिसाबद्दलचा सल्ला व्हॉट्सॲप ग्रुपवर देऊ नका. परवान्याशिवाय इमिग्रेशन सल्ला देणं इथे गुन्हा आहे आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत त्या घराला मोजावी लागते.

कमी उत्पन्नाच्या, भत्त्यावरच्या घरात चार वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर हेल्दी स्टार्ट कार्ड विसरू नका. दूध, फळं, भाज्या, कडधान्यं यावर ते चालतं. २०२१ मध्ये ही रक्कम आठवड्याला ४.२५ पौंड झाली, एक वर्षाखालच्या बाळासाठी दुप्पट. डाळ घ्यायला सरकारी पैसे मिळतात हे आपल्या बायकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं, पण साधी, काही न मिसळलेली कोरडी डाळ यात येते. बाळाच्या पावडरीच्या दुधाचा डबा मंडळाने दान म्हणून देऊ नये. युनिसेफ यूकेचा सल्लाही असाच आहे, कारण कोणत्या वयाला कोणतं दूध हे चुकण्याची भीती असते. त्यासाठी हेल्थ व्हिजिटरला (लहान मुलांच्या घरी येणाऱ्या सरकारी नर्सला) फोन करायचा, तोही त्याच दिवशी.

आता दोनशे किलो. ट्रसेल या धर्मादाय संस्थेच्या जाळ्यातली पहिली फूड बँक २००० मध्ये सॉल्सबरीत सुरू झाली. २०२४-२५ या एका वर्षात त्या जाळ्यातून सुमारे २९ लाख पार्सलं गेली, त्यातली दहा लाखांहून जास्त मुलांसाठी. एक पार्सल बहुधा तीन दिवसांचं. ते मिळायला सहसा शाळा, डॉक्टर, सोशल वर्कर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून रेफरल लागतं. त्या तीन दिवसांत चार माणसांच्या घराला एक किलो डाळ-तांदूळ धरा. दोनशे किलो म्हणजे दोनशे घरांच्या पार्सलांतला एकच कप्पा भरला. दूध, मासे, भाजी, फळं यांचे कप्पे तसेच राहिले. शिवाय वीस किलोचं पोतं सुटं करून पाकिटं भरायची तर लेबल, तारीख, ॲलर्जीची नोंद, स्वच्छ जागा, सगळं लागतं. बहुतेक केंद्रं हे करत नाहीत आणि पोतं कोपऱ्यात पडून राहतं. तुरीची डाळ कुकरशिवाय शिजायला पाऊण तास घेते. मीटरमध्ये दोन पौंड उरलेल्या घरात ती शिजत नाही. आणि ज्या कुटुंबाला कौन्सिलने हॉटेलच्या खोलीत ठेवलंय तिथे कधीकधी नुसती किटली असते. कायद्याने मुलं असलेल्या कुटुंबाला असं सहा आठवड्यांहून जास्त ठेवता येत नाही, पण सहा आठवडे किटलीवर जेवणं हेही थोडं नाही.

तरी लेस्टरमध्ये डाळीला अजिबात जागा नाही असं म्हणणार नाही. आपल्या उपखंडातली वस्ती तिथे मोठी आहे, आणि एखादी स्वतंत्र फूड बँक किंवा आठवड्याला थोडे पौंड घेऊन लोकांना स्वतः निवडू देणारी कम्युनिटी पँट्री मसूर डाळ आणि आटा आनंदाने घेईल. गुरुद्वारातल्या लंगरला पोतंही चालतं. म्हणून खरेदीच्या आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: या आठवड्यात काय कमी आहे, काय नको आहे, आणि माल कोणत्या दिवशी आणायचा. पास्ता आणि बेक्ड बीन्सचे डबे बहुतेक ठिकाणी उतू जात असतात. कमी पडतं ते लाँग लाइफ दूध, टिनमधले मासे, फळं आणि भाज्या, फळांचा रस, साबण, सॅनिटरी पॅड, मोठ्या मापाच्या नॅपी. डाळ-तांदूळ द्यायचेच असतील तर पाचशे ग्रॅम ते एक किलोची दुकानातली सीलबंद पाकिटं द्या, मसूर किंवा मूग घ्या. शिजवलेले छोले, राजमा टिनमध्ये द्या, आणि टिन कडी ओढून उघडणारे घ्या, कारण सगळ्यांकडे ओपनर नसतो. काचेच्या बरण्या टाळा. 'बेस्ट बिफोर' तारखेला निदान तीन-चार महिने असू द्या.

घरचा फराळ देऊ नका. चकलीत तीळ, लाडवात काजू आणि तूप, शंकरपाळ्यात गहू आणि दूध: इथल्या चौदा ॲलर्जीकारक घटकांच्या यादीतले चार-पाच एका डब्यात येतात आणि लेबल एकाचंही नसतं. केंद्राला तो नाकारावाच लागतो आणि देणाऱ्याचं मन दुखतं.

माझं मत विचाराल तर मंडळाने धान्याचा बेत एक चतुर्थांश करावा आणि उरलेलं दोन ठिकाणी वळवावं. पहिलं, पैसे. चाळीस घरांनी महिन्याला दहा पौंड दिले तर वर्षाचे ४,८०० होतात. कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडच्या अर्जावर सही केली की नोंदणीकृत संस्थेला सरकारकडून पौंडामागे २५ पेन्स मिळतात, म्हणजे आणखी १,२००. डिसेंबरमध्ये फूड बँकांना गोदाम पुरत नाही आणि ऑगस्टमध्ये फळ्या रिकाम्या असतात. दरमहा येणारा पैसा तिथे कामाला येतो. दुसरं, एक दुपार. शाळेच्या किंवा लायब्ररीच्या हॉलमध्ये दोन लॅपटॉप, मराठी-हिंदी-गुजराती बोलणारी चार माणसं आणि शक्य असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसचा एक सल्लागार. फ्री स्कूल मील आणि हेल्दी स्टार्टचे अर्ज तिथेच भरून द्यायचे. एक मंजूर अर्ज म्हणजे शाळेच्या सबंध वर्षात जवळपास १९० जेवणं, तुमच्या एका पोत्यापेक्षा कितीतरी जास्त. फोटो काढू नका, बॅनर लावू नका आणि आलेल्यांची नावं ग्रुपवर टाकू नका. एकदा नाव फुटलं की पुढच्या वेळी कोणी येत नाही.

आणि दिवाळीच निवडली आहे तर तारीख नीट साधा. सुट्टीत शाळेचं जेवण बंद असतं. २०२१ पासून इंग्लंडभर उन्हाळा, नाताळ आणि ईस्टरला पात्र मुलांसाठी खेळ आणि जेवणाचे कार्यक्रम चालतात, बऱ्याचदा शाळेकडून त्याचा बुकिंग कोड येतो. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला (सत्राच्या मधल्या आठवड्याभराच्या सुट्टीत) मात्र हे कार्यक्रम नसतात. दोन मुलांच्या आईला त्या आठवड्यात दहा जेवणं जास्त शोधावी लागतात, आणि हा आठवडा दिवाळीच्या आसपासच येतो. शाळेच्या ऑफिसला सप्टेंबरच्या शेवटी विचारा: तुम्ही निवडाल त्या घरांसाठी आम्ही सुपरमार्केटची व्हाउचरं दिली तर हाफ-टर्मच्या आधीच्या शुक्रवारी ती बंद पाकिटातून मुलांच्या दप्तरात घालाल का? एका मुलाला पंधरा पौंड धरले तर सहाशे पौंडांत चाळीस मुलं होतात. कोणाला मिळालं हे मंडळाला कळायची गरज नाही, आणि गरज असेल तर त्या वर्गमित्राचं नाव शाळा त्या यादीत आपणहून घालेल.